शाश्वत पर्यटनात शाश्वत काय राहणार? आपल्या हातातला झाडू?



भाटघर धरणाच्या बॅकवॉटरला आज तंबू, फार्महाऊस आणि रिसॉर्टची रांग लागते आहे. केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाने 2022 मध्ये शाश्वत पर्यटनाची राष्ट्रीय रणनीती आणली. राज्याचं पर्यटन धोरण 2024 तर दहा वर्षांत एक लाख कोटींची गुंतवणूक आणि 18 लाख रोजगार यांची भाषा करतं. जुलै 2025 मध्ये राजगड युनेस्कोच्या यादीत गेला. म्हणजे भोर-वेल्ह्यात गर्दी वाढणार हे नक्की. या गर्दीच्या पैशात आपला वाटा काय, हे मात्र कुणी सांगत नाही.

आधी पाण्याचा हिशेब. वेळवंडी नदीवरचं हे धरण इंग्रजांनी 1920 च्या दशकात बांधून पूर्ण केलं आणि त्याला गव्हर्नर लॉईडचं नाव दिलं. सुमारे 23 टीएमसी पाणी नीरेच्या कालव्यांतून बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरसकडे जातं. जमीन बुडाली मावळातली, ऊस पिकला देशावर. त्याच दशकात वरंधा घाटाच्या पलीकडे, महाडला, 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांना चवदार तळ्याच्या ओंजळभर पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. घाटाच्या एका बाजूला सरकार पाण्याचा सागर साठवत होतं, दुसऱ्या बाजूला माणसांना तळ्यावर बंदी होती. पाण्याचा प्रश्न हा नेहमीच सत्तेचा प्रश्न असतो.

आता जमीन. राज्याच्या 2020 च्या कृषी पर्यटन धोरणानुसार वैयक्तिक शेतकऱ्याला केंद्र काढायचं तर किमान एक एकर शेती हवी. वरवर अट साधी आहे. पण ज्याच्या नावावर सातबाराच नाही, त्याच्यासाठी धोरणाचं दार तिथेच बंद होतं. कर्ज, सवलत, नोंदणी हे सगळं जमीनवाल्याला. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी ‘प्रभुत्वशाली जात’ म्हटलं ती जमिनीच्या जोरावरच उभी असते. सरकार जातीचं नाव न घेता जमिनीची अट घालतं आणि लाभ मात्र जातीच्या उतरंडीनेच खाली झिरपतो.

आपल्याकडे जमीन नव्हतीच असंही नाही. महार वतनं होती. 1958 च्या कायद्याने कनिष्ठ वतनं रद्द झाली. परत मिळालेल्या जमिनींवर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विकायचं नाही ही अट आली. तरीही या जमिनींचं काय होतं, ते पुण्यातल्या मुंढव्याच्या 40 एकरांच्या प्रकरणाने 2025 मध्ये साऱ्या महाराष्ट्राला दाखवलं. शहरात हे होत असेल, तर धरणाकाठच्या खेड्यातल्या तुकड्यांकडे कोण बघतंय?

सगळ्यात मोठी थट्टा पुढे आहे. कर्मवीर दादासाहेब गायकवाड योजनेत दारिद्र्यरेषेखालच्या भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन मिळायला हवी. त्यासाठी सरकारने 2018 मध्ये खरेदीची कमाल मर्यादा ठरवली ती जिरायत एकरी पाच लाख आणि बागायत एकरी आठ लाख. फार्महाऊसवाले गुंठ्याच्या भावाने जमीन घेत असताना या दरात धरणाकाठी कोण विकेल? एक खातं जमीन द्यायची घोषणा करतं, दुसरं खातं तीच जमीन आपल्या आवाक्याबाहेर नेतं. याला धोरण म्हणायचं?

काही जण म्हणतील, अहो, रोजगार तर मिळतोय ना? मिळतोय. पण कुठला? चादरी धुणं, संडास साफ करणं, रात्रीची राखण. स्वयंपाकघरात कोण आणि भांड्यांजवळ कोण, हे विचारून बघा. जातिव्यवस्था ही कामाची नव्हे, कामगारांची वाटणी आहे, हे बाबासाहेबांनी 1936 मध्येच मांडलं. ती वाटणी ‘अस्सल गावरान अनुभव’ म्हणून पॅकेजमध्ये विकली जाणार असेल, तर टिकवली जातेय ती जात. निसर्ग हे फक्त निमित्त.

आणि काठाला कुंपण पडलं की गुरांची पाण्यावर जायची वाट आणि कातकरी बांधवांची मासे धरायची जागा दोन्ही जातात. संविधानाचं कलम 15(2) तलाव आणि स्नानघाटांबाबत जातिभेदाला मनाई करतं. पण तारेच्या कुंपणाला जात सांगावी लागत नाही. ते आपोआप आपल्यालाच अडवतं.

आपला विरोध पर्यटनाला नाही, या वाटणीला आहे. म्हणून मागण्या स्पष्ट ठेवू. धरणकाठची सरकारी जागा आणि बोटिंगचे परवाने आधी भूमिहीन व कातकरी कुटुंबांच्या सहकारी संस्थांना द्या. भोर आणि वेल्ह्यातल्या वतन जमिनींची गावनिहाय यादी आणि झालेले व्यवहार जाहीर करा. गायकवाड योजनेचा दर बाजारभावाशी जोडा. रिसॉर्टमधल्या प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र आणि किमान वेतन द्या.

या मागण्या ग्रामसभेच्या ठरावात आणायच्या आहेत. त्यासाठी आधी आपल्या वस्तीत बसा. आजोबांच्या नावावर काय होतं ते विचारा, जुने फेरफार काढा, तलाठी कार्यालयात अर्ज द्या, पोच घ्या. शिका, संघटित व्हा, संघर्ष करा हे पोस्टरवर लिहायला सोपं आहे. भोर-वेल्ह्यात त्याची सुरुवात एका फेरफाराच्या नकलेपासून होईल.

जय भीम! जय संविधान!