फिरत्या घराचे टायर

आमच्या एका वयोवृद्ध स्नेह्यांचे धाकटे चिरंजीव अमेरिकेतील कॅलिफोर्निया संस्थानात सहकुटुंब राहतात. गतवर्षी त्यांनी एक जुनी पिकअप मोटार व तिच्या पाठीवर बसवावयाचे लहानसे घर अशी जोडी विकत घेतली. या घरास तिकडे ट्रक कॅम्पर म्हणतात. मोटारीने मागून ओढावयाची ही गाडी नव्हे. हत्तीवर अंबारी चढवावी तसे हे घर मोटारीच्या हौद्यातच बसते. आत निजावयाचा माचा, शेगडी, मोरी, पाण्याची टाकी, सर्व काही असते. आईवडिलांस बोलावून उन्हाळ्यात मोहावीच्या वाळवंटातून अ‍ॅरिझोनातील ग्रँड कॅन्यनपर्यंत न्यावे, असा त्यांचा बेत आहे. तथापि टायर पाहावे तो चारही गोटा झालेले. आहेत त्याच आकाराचे चार स्वस्तात मिळतात, ते टाकून मोकळे व्हावे, असे चिरंजिवांचे मत पडले. आधी वजन करावे आणि मग दुकानात जावे, असे सूनबाईंचे म्हणणे. स्नेह्यांनी हा तंटा आमच्यापुढे आणला, तेव्हा आम्ही तत्काळ सूनबाईंचा पक्ष घेतला.

साध्या मोटारीस टायर घेताना मनुष्य किंमत आणि नक्षी पाहतो, आणि ते बहुधा खपून जाते. पाठीवर घर असलेल्या मोटारीस ते खपत नाही. तेथे ओझे कधी उतरतच नाही, व ते बहुतांशी मागच्या दोन चाकांवर येते. टायर दर फेऱ्यास जमिनीशी दबतो आणि पुन्हा सरळ होतो. या आकाराच्या चाकाचे एका किलोमीटरात सुमारे चारशे फेरे होतात. ओझे अधिक किंवा हवा कमी असली म्हणजे हे दबणे वाढते, रबर आतून तापते, व पोलादी तारांचा पट्टा रबरापासून सुटू लागतो. बाहेर चाळीस अंशांवर ऊन असताना हे भर वेगात घडले, तर वरचे उंच घर कोणीकडे कलंडेल याचा नेम नाही. आत म्हातारी माणसे असावयाची आहेत, हे विसरून चालणार नाही.

चिरंजिवांनी पाण्याची टाकी भरली, सामान चढविले, मुलांस बसविले आणि ट्रकवाल्यांच्या तळावरील वजनकाटा गाठला. मागच्या आसावर ३०८० किलो भरले. काटेवाल्याच्या परवानगीने एकेका बाजूची चाके चढवून पाहिली, तेव्हा उजवीकडे १५९० आणि डावीकडे १४९० असे निघाले. शेगडी, शीतकपाट व टाकी ही सर्व उजव्या अंगाला आहेत, हे घर बांधणाऱ्याच्या सोयीचे असेल, टायराच्या सोयीचे खचित नाही.

आता टायराच्या बाजूवरील अक्षरे वाचू. जुन्या टायरांवर २७५/६५ आर १८ हा आकार, त्यापुढे १२३/१२० हे आकडे आणि ‘ई’ हे अक्षर होते. १२३ म्हणजे एकेरी चाकास १५५० किलो. तिरप्या रेघेपुढचा १२० हा मागे जोडचाके असणाऱ्या मोटारींसाठी असतो. दोन टायर मिळून ३१०० किलो झाले, तेव्हा एकंदर हिशेब काठावर का होईना बसतो. परंतु उजवा टायर एकटा चाळीस किलोंनी जास्त दबलेला होता, आणि बेरजेत ते दिसत नव्हते.

पुढची गोष्ट तर अधिक नवलाची. चालकाच्या दाराच्या चौकटीवर कारखान्याची चिठ्ठी असते, ती इतके दिवस कोणी वाचलीच नव्हती. तीवर टायराचा आकार २७५/७० आर १८ असा होता, आणि मागच्या आसाची मर्यादा ७२०० पौंड, म्हणजे सुमारे ३२६५ किलो. आधीच्या मालकाने मधेच ठेंगणे टायर बसविले होते! मूळ आकाराचा टायर १२५/१२२ या आकड्यांचा मिळतो. त्याचे अक्षरही ‘ई’ आणि त्यातही ८० पौंडच हवा, पण तो १६५० किलो पेलतो. केवळ ‘ई’ अक्षर पाहून खरेदी करणारा येथे फसतो.

दुकानदाराने आणखी एक वाट सुचविली होती. ती म्हणजे साडेएकोणीस इंची रिमचे मालमोटारीचे टायर. ११० पौंड हवेत ते १८०० किलो पेलतात. मात्र त्यांस नव्या रिमा लागतात, गाडी खडखडते, आणि आसाची मर्यादा तसूभर वाढत नाही. आमच्या मते हा खर्च येथे वायफळ आहे. त्यापेक्षा शिध्याचे डबे डाव्या अंगाला सरकवावे.

नवा टायरही शिळा असू शकतो. त्यावर ‘डीओटी’ या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. २३२४ असले तर २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यातील माल. सवलतीत मिळणारे टायर कधी कधी गोदामात तीन-चार वर्षे पडलेले असतात, तेव्हा हे आकडे पाहिल्याशिवाय पैसे मोजू नयेत. हवा सकाळी गाडी हलविण्यापूर्वी पाहावी. दुपारी तापलेल्या टायरात ती वाढलेली दिसते म्हणून कित्येक लोक थोडी सोडून देतात. तसे केले की चाक थंडावल्यावर हवा कमी भरते, आणि दुसऱ्या दिवशी रबर अधिकच तापते.

चिरंजिवांनी मूळ आकाराचे चार टायर मागविले आहेत. हौद्याखाली टांगलेली स्टेपनी मात्र अद्याप ठेंगणीच आहे. तिचे काय करावयाचे, असे सूनबाईंनी विचारले असून त्याचे उत्तर अजून आलेले नाही.