नंबर बदला, पण जुना दुसऱ्याला चिकटवू नका!

ठाण्याहून पनवेल, पुणे, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, चित्रदुर्ग, बंगळूर, कोलार, चित्तूर करत चेन्नईला जाणारा आपला एनएच ४ आता उरलेला नाही. म्हणजे रस्ता आहे, नंबर गेला. २०१० साली सरकारने सगळ्या राष्ट्रीय महामार्गांना नवे नंबर दिले आणि पुणे-बंगळूरचा ४ झाला ४८. मी कोल्हापूरचा, नोकरी बंगळूरला, त्यामुळे हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा!

नव्या पद्धतीवर माझा राग नाही. लॉजिक झकास आहे. उत्तर-दक्षिण रस्त्यांना सम आकडे, पूर्वेकडून पश्चिमेकडे वाढणारे. पूर्व-पश्चिम रस्त्यांना विषम, उत्तरेकडून दक्षिणेकडे वाढणारे. मान्य!

पण आपल्या धंद्यातला पहिला धडा काय? रेकॉर्ड डिलीट करा हवं तर, पण त्याचा आयडी दुसऱ्याला देऊ नका. इथे नेमकं तेच केलंय.

बंगळूरच्या अलीकडचं नेलमंगला घ्या. पुण्याहून येताना इथून उजवीकडे हसन-मंगळूरचा रस्ता फुटतो. पूर्वी तो होता ४८! आता तो ७५, आणि ४८ म्हणजे आपण ज्यावरून आलो तो. जुन्या माहितीवर कोणी "४८ धर" म्हणाला, की मंगळूरला निघालेला गडी बंगळूरच्या वाटेला. नाशिक फाट्यावरून नाशिकला जाणारा होता ५०, तो झाला ६०. आणि नवा ५० सापडतो थेट चित्रदुर्गला. मूळचा ४? तो गेला अंदमानात!

बरं, ४ खोडून ४८ लिहिलं की झालं, असंही नाही. जुना ४ बंगळूरपुढे कोलार-चित्तूरवरून जायचा, नवा ४८ होसूर-कृष्णगिरी-वेल्लोरवरून जातो. फाइंड-रिप्लेस करणाऱ्याची वाटच लागली समजा.

"जीपीएस असताना नंबर हवेत कशाला?" असं विचारणारे भेटतात. अरे बाबांनो, रात्री २ वाजता गाडी ठोकली, १०३३ ला फोन लावला आणि समोरून "कुठला हायवे?" असं विचारलं, तर शेजारचा टपरीवाला जो नंबर सांगेल तो जुना की नवा? आमच्याकडे अजून सगळे 'एनएच फोर'च म्हणतात.

मागणी साधी आहे. पळस्पे, नाशिक फाटा, चित्रदुर्ग, नेलमंगला अशा मोठ्या फाट्यांवर नव्या नंबराखाली 'जुना अमुक' अशी एक ओळ रंगवा. कोट्यवधींचे उड्डाणपूल बांधता, मग एका ओळीच्या रंगाला काय धाड भरलीय?