यंत्राचा धूर आणि गांवाचा अधिकार

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं आज पेट्रोलवर चालणारा फवारणीपंप किंवा गवत कापण्याचें यंत्र आहे. अशा एंजिनांवर गांवानें निर्बंध घालावे कीं नाहीं, याविषयीं अमेरिकेंत चाललेला वाद म्हणूनच विचार करण्याजोगा आहे.

वादाचें मूळ म्हणजे पालापाचोळा हवेच्या झोतानें लोटणारें, पाठीवर घ्यावयाचें लीफ ब्लोअर. त्याचें दोन-स्ट्रोकी एंजिन तेल मिसळलेल्या पेट्रोलवर चालतें व कांहीं इंधन न जळतांच बाहेर पडतें. असें मोठें यंत्र तासभर चालविल्यास मोटारीनें सुमारें 1,100 मैल जाण्याइतके धुरकें उत्पन्न करणारे वायू निघतात, असा कॅलिफोर्नियाच्या हवा-मंडळाचा हिशेब आहे. आवाजाचा त्रास निराळाच. म्हणून वॉशिंग्टन शहरानें 1 जानेवारी 2022 पासून त्यांचा वापर बंद केला.

उलटपक्षीं टेक्सस राज्यानें 2023 मध्यें कायदा केला कीं, स्थानिक संस्थांनीं इंधनाच्या प्रकारावरून कोणत्याही एंजिनाच्या वापरावर किंवा विक्रीवर बंदी घालूं नये. त्या राज्याची ही रीत नवी नव्हे. डेंटन शहराच्या मतदारांनीं 2014 मध्यें खडक फोडून वायू काढण्यास बंदी केली, ती 1915 नव्हे तर अवघ्या कांहीं महिन्यांनीं, 2015 मध्यें, राज्यानें कायदा करून निष्फळ ठरविली.

दहा गांवांत काम करणाऱ्यास दहा नियम पाळणें अवघड, आणि बॅटरीचें यंत्र महाग, हें म्हणणें खोटें नाहीं. परंतु शेतकऱ्याच्या नांवानें असा सरसकट कायदा कोणी मागूं लागल्यास तो आम्हांस मान्य नाहीं. शेतीच्या 175 अश्वशक्तीहून लहान नव्या एंजिनांच्या धुराचे नियम राज्यानें वा शहरानें करूं नयेत, असें बंधन तेथील मध्यवर्ती कायद्यांत 1990 पासूनच आहे. शेतांतील यंत्रास संरक्षण हवें तर तेवढेंच द्यावें. वस्तींतील आवाजाचा व वेळेचा निर्णय वस्तीकडेच राहूं द्यावा.

यांत आपलाही संबंध आहे. 1992 च्या 73 व्या घटनादुरुस्तीनें पंचायतींस घटनेंत स्थान मिळालें. तथापि त्यांस कोणते अधिकार द्यावे हें राज्याचें विधिमंडळच ठरवितें. आज आपल्या पंपास सवलत मिळते म्हणून गांवाचा अधिकार काढून घेण्यास आपण संमति दिली, आणि उद्यां खडी फोडण्याचें यंत्र आपल्या बांधाशेजारीं येऊन त्याची धूळ पिकावर बसूं लागली, तर दाद कोणाकडे मागावी? शेतापुरती सूट मागावी, गांवाचा अधिकार मात्र सोडूं नये, असें आमचें शेतकरी बंधूंस सांगणें आहे.