दहा मीटरांचा शेजार

सांगलीला १९६३ साली आकाशवाणी केंद्र सुरू झाले, आणि तारेवाचून घरात येणाऱ्या आवाजाचे नवल आमच्याकडच्या मंडळींना हळूहळू वाटेनासे झाले. आता तर सातासमुद्रापलीकडची लेक संगणकाच्या पडद्यावर येऊन बोलते. पण गंमत अशी, की हजारो मैल बिनबोभाट आलेला हा आवाज पुष्कळदा शेवटच्या दोन हातांवर अडतो. टेबलावरच्या संगणकापासून माणसाच्या कानापर्यंत काही तो पोचत नाही!

सांगलीच्या आमच्या मामांचे असेच झाले. मामा निवृत्त शिक्षक. ऐकू कमी येते. दर रविवारी लेक परदेशातून बोलायची आणि हे नुसते हसून मान हलवायचे. एकदा ती म्हणाली, "अप्पा, चार दिवस अंगात ताप आहे," आणि मामा म्हणाले, "छान, छान!" हे सांगताना मामींच्या डोळ्यांत पाणी आले.

मग लेकीने बिनतारी हेडफोन पाठविला. घरच्या संगणकाला तो दिसेचना. दुकानदाराने निकाल दिला, "मशीन जुनं झालंय काका, नवंच घ्या." पेन्शनीत बसणारा हा खर्च नव्हे. हेडफोन कपाटात गेला.

मी पडलो साताऱ्याला. पण आमचे चिरंजीव सांगलीच्याच वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकतात. ते मामाआजोबांकडे जेवायला गेले आणि संगणक उघडून बसले. त्यात ब्लूटूथचा रेडिओच नव्हता. काही शे रुपयांत मिळणारे, नखाएवढे डाँगल त्यांनी आणून मागे खोचले. तरी संगणक ढिम्म! तेव्हा ते म्हणाले, "आजोबा, पाहुणा दारात आलाय, पण ओळख करून देणारं घरात कुणी नाही."

वाचकहो, सगळी मेख इथेच आहे. रेडिओ हे झाले यंत्र. त्याची भाषा संगणकाला समजावून सांगणारी जी आज्ञावली, ती ड्रायव्हर. पूर्वी लग्न जुळवायला मध्यस्थ लागे, तसाच हा. विंडोज एक्सपीला ब्लूटूथची स्वतःची सोय २००४ साली, दुसऱ्या सर्व्हिस पॅकबरोबर मिळाली. लिनक्समध्ये ती २००१ सालीच आली होती. पण प्रत्येक डाँगल संगणक आपण होऊन ओळखेलच असे नाही. अशा वेळी त्यावरचा मॉडेल क्रमांक पाहून, ते बनविणाऱ्या कंपनीच्याच संकेतस्थळावरून ड्रायव्हर घ्यावा. 'सर्व ड्रायव्हर फुकट' म्हणून हाका मारणाऱ्यांच्या दारी जाऊ नये. तिथून पुष्कळदा नको ते पाहुणे घरात शिरतात.

ब्लूटूथ हे नाव डेन्मार्कच्या दहाव्या शतकातल्या हॅरल्ड राजाचे. त्याने विखुरलेले लोक एका छत्राखाली आणले, म्हणून वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रे जोडणाऱ्या या विद्येला ते शोभले. स्वीडनच्या एरिक्सन कंपनीत १९९४ साली तिच्यावर काम सुरू झाले. घरगुती उपकरणांत तिची धाव साधारण दहा मीटर; साताऱ्यातल्या जुन्या वाड्यांच्या जाड भिंती मध्ये आल्या, तर त्याहूनही कमी. ज्या लहरींवर ती चालते, त्यांच्याच आसपास वायफाय आणि मायक्रोवेव्ह शेगडीही असते. म्हणून ब्लूटूथ एका जागी थांबत नाही. ७९ वाटांवरून सेकंदाला १६०० वेळा उड्या मारीत गर्दी चुकविते.

मामांच्या संगणकात ड्रायव्हर बसला, जोडणी झाली, तरी आवाज तुटत होता. डाँगलला खेटूनच वेगवान यूएसबीची डिस्क होती. तिचाही या लहरींना उपद्रव होतो. वीतभर वायर लावून डाँगल पुढे घेतले. राहिला प्रश्न खरखरीचा. हेडफोनचे कान आणि तोंड एकदमच वापरू गेले, की जुन्या पद्धतीच्या जोडणीत आवाजाचा दर्जा उतरतो. तेव्हा ऐकायला हेडफोन आणि बोलायला कॅमेऱ्यातला माईक, अशी वाटणी केली. त्या रविवारी मामांनी लेकीला विचारले, "आवाज बसलाय का गं तुझा?"

नवे यंत्र घेऊ नये, असे माझे म्हणणे नाही. पण 'जुने झाले' हा निकाल ऐकण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात: रेडिओ आहे का, ड्रायव्हर आहे का, आणि दोघांच्या मध्ये काय आले आहे? जोडताना दोन्ही पडद्यांवर सहा आकडे आले, तर ते जुळवून पाहावेत. अनोळखी यंत्राने जोडणी मागितली, तर सरळ नाही म्हणावे.

दिवाळीत घरोघरी मुले-नातवंडे येतात. फराळ झाल्यावर त्यांनी अर्धा तास वडीलधाऱ्यांच्या संगणकापाशी बसावे. ऐकू येत नाही हे माणसे सांगत नाहीत. नुसती मान हलवितात.