जे झाले ते चांगल्यासाठीच?



आषाढातल्या एका रविवारी आपल्या शाळेच्या मागची, पिण्याच्या पाण्याच्या नळांजवळची भिंत पडली, हे आपणा सर्वांना ठाऊक आहेच. सुट्टी होती, कुणाला खरचटलेही नाही. सोमवारी जो भेटेल तो म्हणे, "सर, देव पावला. जे होते ते चांगल्यासाठीच होते." मीही मान डोलावली. परंतु त्या भिंतीचा तडा मी दोन पावसाळे पाहत होतो, हे त्या दिवशी मी कुणाला बोललो नाही. आज सांगतो.

त्याच सुमारास व्हॉल्तेअर या फ्रेंच लेखकाची 'कांदीद' ही छोटी कादंबरी वाचनात आली. १७५९ साली लेखकाचे नाव न घालता ती छापली गेली होती. माझे शिक्षण हिंदी माध्यमातले, फ्रेंच तर मुळीच येत नाही, म्हणून शब्दकोश शेजारी ठेवून इंग्रजी अनुवाद वाचला. कांदीद हा भोळा तरुण आणि पांग्लोस हे त्याचे गुरुजी. गुरुजींचा सिद्धांत असा की आपले जग हे सर्व संभाव्य जगांत उत्तम आहे आणि जे घडते ते योग्यच घडते. नाक कशासाठी, तर चष्मा ठेवायला! लाइबनिट्स नावाच्या जर्मन तत्त्वज्ञाच्या विचारांची ही थट्टा आहे. थट्टेचा विषय एक मास्तर आहे, म्हणून मला ती जरा जास्तच लागली.

आपल्याकडेही ही गोष्ट आहेच. राजाचे बोट कापले गेले, प्रधान म्हणाला चांगलेच झाले, आणि पुढे बळी देणाऱ्यांनी बोट तुटलेले पाहून राजाला सोडून दिले. मी ही गोष्ट प्रार्थनेच्या वेळी कितीदा तरी सांगितली आहे. पण बोट कापले कसे, हे आजवर एकाही मुलाने विचारले नाही, आणि मीही नाही.

कादंबरीत लिस्बनचा भूकंप येतो, तो खराच झाला होता. १ नोव्हेंबर १७५५, ख्रिस्ती लोकांच्या सर्व संतांच्या सणाची सकाळ. माणसे चर्चमध्ये जमली होती. आधी धरणीकंप, मग समुद्राच्या लाटा, मग आग. हजारो मेले. कांदीद ढिगाऱ्याजवळ जखमी होऊन पडला आहे, थोडे तेल आणि द्राक्षारस मागतो आहे, आणि गुरुजी त्याला भूकंपाची कारणमीमांसा समजावत आहेत! शिष्य बेशुद्ध पडला तेव्हा कुठे गुरुजी पाणी आणायला गेले. हे पान मी दोनदा वाचले.

मला किल्लारी आठवले. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, लोक गणपती विसर्जन आटोपून झोपलेले. तिथेही सणाची पुण्याई उपयोगी पडली नाही. सात हजारांहून अधिक माणसे गेली, आणि त्यांतली बहुतेक मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती व जड माळवदांखाली. म्हणजे धरणी हलली हे खरे, पण जीव घेतला तो घरांनी. २२ मे १९९७ ला पहाटे जबलपूरच्या भूकंपाने आपल्या बालाघाटातही मांडणीवरची भांडी वाजली होती, जुन्या लोकांना आठवत असेल. लिस्बनकरांनी पुढे घरे बांधताना भिंतींच्या आत लाकडी सांगाडा घालायला सुरुवात केली. किल्लारीच्या परिसरातही नव्याने घरे बांधली गेली. कारण शोधले, म्हणूनच हे घडले.

कृपया गैरसमज नसावा. घरात दुःख झाले की आजी हेच वाक्य म्हणते, त्याला माझा विरोध नाही. ती पदराने डोळे पुसत म्हणते आणि लगेच उठून चूल पेटवते. ज्याचे दुःख त्याने म्हणावे. ज्याच्याकडे भिंतीची जबाबदारी होती, त्याने म्हणू नये.

शेवटी ही सारी मंडळी कॉन्स्टँटिनोपलजवळ जमिनीच्या एका लहान तुकड्यावर राहतात, भाजी पिकवतात. गुरुजींची टकळी चालूच असते. कांदीद आता वाद घालत नाही. बागेचे काम पडले आहे, एवढेच सांगतो.

भिंत निम्मी उभी झाली आहे. गेल्या आठवड्यात मिस्त्रीला घेऊन सबंध इमारत फिरलो. पाचवीच्या वर्गाच्या छज्जाला आणि सायकल स्टँडच्या खांबाला तडे आहेत. खर्चाचा अंदाज येत्या बैठकीत मांडतो आहे. विश्वस्त मंडळींनी तो पुढच्या वर्षावर ढकलू नये, ही विनंती. छज्जाखालून मुलांचे जाणे-येणे आजपासून बंद केले आहे. आणि मुलांनो, कुठे तडा दिसला तर थेट माझ्या खोलीत येऊन सांगा, वर्ग चालू असला तरी चालेल.