मतांचा बाजार व मैलांची दक्षिणा

‘घरबसल्या प्रश्नांचीं उत्तरें द्या आणि विमानप्रवासाचे मैल मिळवा’ ह्या आमंत्रणास अमेरिकेंत राहणारे आमचे कांहीं सुशिक्षित बांधव भुललेले पाहून चार शब्द स्पष्ट लिहिणें प्राप्त झालें आहे.

१९८१ सालीं अमेरिकन एअरलाइन्सनें आपली योजना काढली, तेव्हां मैल हें केलेल्या प्रवासाचें बक्षीस होतें. आज तें नाणें झालें आहे. विमानकंपनी तें पाडते, इतर धंदेवाल्यांस विकते आणि मनास येईल तेव्हां त्याची किंमत उतरविते. २०२० च्या महामारींत युनायटेड कंपनीनें आपल्या मैलयोजनेच्या तारणावर ६८० कोटी डॉलरांचें कर्ज उभारलें! आम्हांस जी फुकटची दक्षिणा वाटते, ती सावकारास तारण म्हणून चालते.

कोणी म्हणेल, “फावल्या वेळीं चार उत्तरें दिलीं, तर बिघडलें काय?” बिघडतें तें असें. वय, उत्पन्न, घरांतील माणसें, कधीं आजारसुद्धां आरंभींच विचारून घेतात. आणि मग ‘आपण ह्या पाहणीस पात्र नाहीं’ म्हणून बोळवण करितात. माहिती गेली ती गेलीच. मग मनुष्य शहाणा होतो. पात्र ठरविणारें उत्तर देऊं लागतो. ज्याच्या दारीं कुत्रें नाहीं, तोही कुत्र्याच्या खाद्यावर अभिप्राय देतो. येथें हानि माहितीची नव्हे, सत्यनिष्ठेची आहे.

मतास मोल नसावें, असें आम्ही म्हणत नाहीं. पण मोल घ्यावयाचें तर रोख व हिशेबानें घ्यावें. तें जमत नसेल, तर तिकिटाचे पैसे गांठचे द्यावे आणि मत आपल्यापाशीं ठेवावें.