युरिया उडतो कसा?



मक्याला किंवा उसाला युरिया फेकून दिला, वर पाणी द्यायचे राहिले, तर दोन-तीन दिवसांनी शेतात कधी कधी नाकाला झोंबणारा वास येतो. तो अमोनियाचा. ४५ किलोच्या पोत्यात सुमारे २० किलो नत्र असते. त्यातला काही भाग असा हवेत जातो. पैसे तुमचे, फायदा वाऱ्याचा!

हे घडते युरिएज नावाच्या विकरामुळे. विकर म्हणजे एन्झाइम. भाकरीचा घास पुष्कळ वेळ चावला की गोड लागतो, कारण लाळेतले विकर पिठाची साखर करते. विकर स्वतः खर्ची पडत नाही, पण काम झपाट्याने उरकते. नुसत्या पाण्यात युरिया फुटायला वर्षे लागतात. जमिनीत जीवाणूंचे युरिएज असते, म्हणून तिथे तो काही दिवसांतच फुटतो.

हा फुटण्याचा क्षण कोणत्याही भिंगातून दिसत नाही. तो संगणकावर गणिताने मांडावा लागतो. पण विकरात हजारो अणू! सगळ्यांचे बारीक गणित कोण करणार? विहिरीवरचे इंजिन अडले की आपण नोझल उघडून बारकाईने पाहतो, पाइपावर नुसती नजर टाकतो. आरिए वॉर्शेल आणि मायकेल लेव्हिट यांनी १९७६ साली हेच केले. अंड्याच्या पांढऱ्या भागात लायसोझाइम नावाचे विकर असते, ते जंतूंचे कवच फोडते. जिथे बंध तुटतो तिथले गणित त्यांनी बारीक केले, बाकीचे ढोबळ ठेवले. त्यातून दिसले की, विकर आपल्या विद्युतभाराने फुटणाऱ्या रेणूला सावरून धरते, म्हणून काम सोपे होते. या पद्धतीच्या पायाभरणीबद्दल या दोघांना आणि मार्टिन कारप्लस यांना २०१३ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

अशीच गणिते पुढे युरिएजचीही झाली. त्याच्या गाभ्यात निकेलचे दोन अणू असतात. युरिया फुटतो तो तिथेच. ती जागा अडवली की फुटणे लांबते. एनबीपीटी नावाचे रोधक तेच करते. जर्मनीत २०२० पासून युरियात असे रोधक तरी हवे, नाही तर तो लगेच मातीआड तरी करावा लागतो.

यातला दुसरा उपाय आपल्या हातचा आहे, आणि फुकटचा. निंबोळीच्या लेपावर विसंबू नका. तो नत्राची पुढची नासाडी कमी करतो, हे उडणे थांबवत नाही. आपल्या चुनखडीच्या जमिनीत तर अमोनिया जास्तच उडतो. म्हणून युरिया ओळीत, दोन बोटे खोल द्या आणि मातीने झाका. फेकूनच द्यावा लागला तर लगेच हलके पाणी द्या. युरिया मातीत उतरला की फुटला तरी अमोनिया मातीच्या कणांना धरून राहतो आणि पिकाच्या मुळांना मिळतो.

यंदा खत देताना घरातल्या सर्वांना एवढे सांगा: युरिया टाकला की कुदळ खाली ठेवायची नाही.